कायम विनाअनुदानित

वर्ष वाया जाणं ही आपल्याकडे मोठ्या आजारापेक्षाही गंभीर गोष्ट मानली जाते. आजाऱ्याला बघायला लोक येतात, शहाळं आणतात. ज्याचं वर्ष वाया गेलं त्याच्या घरी कुणी फिरकत नाही, आणि फिरकलंच तर पावसापाण्याचं बोलून उठतं. मी साताऱ्याकडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवता शिकवता मुख्याध्यापक झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. उभी हयात हजेरी घेण्यात गेली. अशा माणसाच्या मुलाने एका रविवारी पोह्यांची बशी खाली ठेवत जाहीर केलं, की तो आणि सूनबाई वर्षभर बिनपगारी रजा घेणार आहेत, सातवीतली थोरली आणि चौथीतला धाकटा यांना शाळेतून काढणार आहेत आणि सगळे मिळून देश बघत फिरणार आहेत. शिकवण्याचं काय? तर ते वाटेत घरचीच माणसं बघतील.

बातमी भावकीत पसरली. काकूंनी मला बाजूला घेऊन धीर दिला, कारण मुलाची नोकरी गेली हे त्यांनी ओळखलंच होतं. साडूंनी कर्जाची चौकशी केली. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना यात जागेचा वाद दिसला. धडधाकट माणूस निव्वळ हौसेने असं करील, हे कुणाच्या पचनी पडेना. पंढरपूरला पायी निघालेल्या माणसाला आपण कधी विचारत नाही, की बाबा रे, तुझी नोकरी गेली का? पण त्याच्या डोक्यावर पांडुरंगाचं छत्र असतं. आमच्या पोरांच्या डोक्यावर फक्त टोप्या होत्या.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. माझ्या कारकिर्दीत मी त्यात 'वडिलांची बदली' किंवा 'पालकांच्या विनंतीवरून' याखेरीज क्वचितच काही लिहिलं असेल. मुलगा दाखला आणायला गेला, तर लेखनिकाने 'प्रवास' हे कारण लिहायला साफ नकार दिला. "प्रवासाला सुट्टी असते साहेब, त्यासाठी शाळा सोडत नाहीत." शेवटी पालकांची विनंतीच कामी आली.

कायदा मात्र मला वाटलं होतं तितका वाईट निघाला नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो आणि घरी शिकवण्याबद्दल मौन पाळतो. पण त्याच्या चौथ्या कलमात एक फार शहाणी सोय आहे. मूल काही कारणाने शाळेबाहेर राहिलं आणि परत आलं, तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेला अभ्यास खास प्रशिक्षण देऊन भरून काढायचा. शिवाय १९८९ साली केंद्र सरकारने सुरू केलेलं मुक्त विद्यालय आहेच. त्याचे अ, ब, क हे स्तर म्हणजे आपली तिसरी, पाचवी आणि आठवी. आणि दहावीला काही बिनसलंच, तर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा तारणहार असलेला सतरा नंबरचा फॉर्म कुठे गेला नाही. हे सगळं मी काकूंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नोकरी गेली नाही?"

नव्या शाळेत माझी नेमणूक गणित आणि मराठीसाठी झाली. इतिहास-भूगोल मुलाकडे, विज्ञान-इंग्रजी सूनबाईंकडे आणि कार्यानुभव आमच्या हिच्याकडे. कार्यानुभव म्हणजे सगळ्यांना वेळेवर खाऊ घालणं. शाळेला मान्यता नाही, इमारत नाही, वेतन नाही, वेतनेतर तर नाहीच. शिक्षण खात्याच्या जुन्या भाषेत तिला 'कायम विनाअनुदानित' म्हणता येईल. त्या सदरातल्या शिक्षकांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले होते, आता म्हातारपणी त्यांच्या पंक्तीत जाऊन बसलो.

सूनबाईंनी वेळापत्रक तयार केलं होतं. प्रत्येक विषयाला वेगळा रंग, वर लॅमिनेशन. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती टॅबमध्ये उतरवून घेतलेली. जूनमध्ये कोकणाकडे निघालो, गाडी घाटाला लागली आणि शाळा भरली. पहिल्या तासाला धाकट्याला उलटी झाली. दुसऱ्या तासाला त्याच्याकडे बघून थोरलीला झाली. तिसरा तास ऑफ द्यावा लागला.

घरी शिकवण्यातली खरी अडचण अभ्यासक्रमाची नसते. विद्यार्थी शिक्षकाला पुरते ओळखून असतात, ही असते. वर्गात मी नुसता चष्मा वर केला की चाळीस पोरं चूप व्हायची. इथे मी चष्मा वर केला की धाकटा म्हणायचा, "आबा, तुम्हाला तो डोक्यावरच सापडेल." सूनबाई प्रकाशसंश्लेषण समजावत असताना त्यांनी काल गॅस चालू ठेवल्याचा दाखला दिला जायचा. मुलगा मोगलांच्या प्रशासनावर बोलू लागला की थोरली त्याला स्वतःच्या कपाटाच्या प्रशासनाबद्दल विचारायची. शाळेने शिक्षक परके ठेवले, यात मोठं शहाणपण आहे. बाईंचं घर आपल्याला दिसत नाही, म्हणून बाईंचं आपण ऐकतो.

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत पावसाळ्यात आमचा मुक्काम होता. एका सकाळी डोक्यावर इरलं नि हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही अशा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाई दारात उभ्या राहिल्या. "गावात शाळाबाह्य मुलं आलीत असं कळलं." मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. ज्या तक्त्यात मी आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं भरली, त्यात माझी नातवंडं? मी माजी मुख्याध्यापक आहे हे सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी आणखी काही सांगायचं टाळलं. मग त्या धाकट्याला म्हणाल्या, "येतोस का रे आजचा दिवस?" तो चप्पल न घालताच निघाला.

दुपारी परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, खिशात कुणीतरी दिलेली फणसाची आठळी आणि पोटात शाळेतली खिचडी. काय शिकलास विचारलं, तर म्हणाला, "आबा, मधली सुट्टी होती." पुढचे दिवस तो रोज जात राहिला. वर्गात पोरं मोजकीच, पहिलीपासून चौथीपर्यंत सगळी एकाच खोलीत, पण मधल्या सुट्टीला आबाधुबीला पुरेशी होती. आमच्या शाळेत चार शिक्षक होते, मधली सुट्टी मात्र नव्हती. दोन मुलांची, त्यातही बहीणभावाची, मधली सुट्टी होत नाही. मारामारी होते. ही एक गोष्ट कुठल्याही आईबापांना घरच्या घरी तयार करता येत नाही, हे मी तिथेच नोंदवून ठेवलं.

पाऊस ओसरल्यावर जुन्नरहून नाणेघाटात गेलो. घाटमाथ्यावर जकातीची नाणी टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, आणि खाली लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, दक्षिणा दिली, गायी दिल्या, कार्षापण दिले, असा तो दोन हजार वर्षांपूर्वीचा जमाखर्च. राजघराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या, त्यांचे आता पाय तेवढे उरलेत. या लेखातले आकडे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या आकड्यांपैकी आहेत. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही.

"म्हणजे तेव्हा गणितात कुणाला शून्य पडत नसेल," धाकटा म्हणाला. निवृत्त गणित शिक्षकाने यावर काय बोलावं?

थोरलीने मात्र विचारलं, "हजाराला एकच खूण पुरत होती, तर आपण चार आकडे कशाला लिहितो?" स्थानिक किंमत मी जन्मभर शिकवली. एकाही विद्यार्थ्याने हे विचारलं नव्हतं, कारण मी तशी वेळच येऊ दिली नव्हती. फळ्यावर आधी एकक, दशक, शतकाची घरं आखून मोकळा व्हायचो. आम्ही बाहेर येऊन बसलो. तिने काटकीने मातीत जुन्या तऱ्हेने बेरीज मांडली. मनाने खुणा ठरवल्या, दोन हजार सातशे आणि नऊशे चाळीस. थोड्याच वेळात हातचा कुठे ठेवायचा तेच तिला कळेना. पुसलं, पुन्हा मांडलं. वारा दोन्ही वेळा मदतीला आला. मग शेजारी आपल्या पद्धतीने तीच बेरीज केली आणि शून्याच्या घराकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, शून्य म्हणजे काही नाही असं नाहीये. ते एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं आहे. माणूस नसला तरी जागा धरलेली असते." मी निवृत्तीनंतर हे ऐकलं याचंच वाईट वाटलं. नाहीतर स्थानिक किंमत मी जन्मभर रुमालानेच शिकवली असती.

धाकट्याचा प्रश्न तोवर वेगळ्या दिशेला गेला होता. दान दिलेल्या एवढ्या हजारो गायींचं शेण कुणी काढलं? "बायकांनी," ही म्हणाली. "लेखात नसेल लिहिलं."

अजिंठ्याला दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव कोरून ठेवलंय, तारखेसकट, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आला होता, लेणी सापडली, तर त्याने चित्रातल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच सही ठोकली. धाकट्याला याच्यात अतोनात रस. वर्षभरापूर्वी कर्कटकाने बाकावर नाव कोरल्याबद्दल त्याच्या घरी चिठ्ठी आली होती. "याच्या घरी चिठ्ठी गेली नाही?" नाही गेली. याचं नाव पुस्तकात गेलं. या अन्यायावर तो फर्दापूरपर्यंत बोलत होता. पण त्याच भरात त्याने एक बरोबर टिपलं होतं: नाव माणसाच्या नजरेच्या बरंच वर आहे. साहेब काय ताडमाड होता? मग कळलं, की तेव्हा लेण्यात दगडमातीचा भराव साचला होता आणि साहेब त्या ढिगावर उभा होता. धाकट्याने लगेच बापाला खांबाशी उभं केलं, नजरेनेच अंदाज घेतला आणि ढीग किती उंच असेल याचं गणित वहीत मांडलं. वजाबाकी होती, हातच्याची. बिनचूक आली.

दक्षिणेत जायचं तर रेल्वेचं आरक्षण हाच एक विषय होता. धाकटा रोज सकाळी वेटिंगचा आकडा वहीत उतरवायचा आणि त्याचा आलेख काढायचा. शक्यता म्हणजे काय, हे दहावीच्या पोरांना शिकवताना मी फासे आणि पत्ते वापरत असे, आणि पत्त्यांचं नाव काढलं की पालकांच्या तक्रारी यायच्या. आरएसी हा त्यापेक्षा सोवळा नि परिणामकारक दाखला आहे. जागा मिळालीही आहे आणि नाहीही, हे भारतीय मुलाला एका तिकिटात कळतं.

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर मराठी आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे दगडावर कोरवून घेतला. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, देवनागरीतला तो लांबलचक मजकूर. मराठी मोठ्याने वाच म्हटलं की पोट दुखणारी थोरली तिथे भिंतीशी नाक लावून अक्षर लावत होती, अडखळत, आपण होऊन. मागे एक तमिळ आजोबा येऊन उभे राहिले, आणि मग कळलं की ते तमिळ नाहीत, तंजावरचे मराठीच. त्यांच्या मराठीला हेल तिकडचा आणि शब्द माझ्या आजीच्या तोंडचे. त्यांनी थोरलीचं वाचन दोनदा दुरुस्त केलं. मी मराठीचा नेमलेला शिक्षक बाजूला उभा राहून ऐकत होतो, आणि थोरली त्यांना उलट उत्तर देत नव्हती. परक्या शिक्षकाचा महिमा पुन्हा एकदा सिद्ध झाला.

शाळेबाहेर शिकल्याचे दाखले सूनबाईंपाशी तयार असत. १८७३ साली मुंज झाल्यावर भादरलेलं डोकं घेऊन शाळेत कसं जायचं या विवंचनेत असलेल्या छोट्या रवींद्रनाथांना वडील हिमालयात घेऊन गेले. बोलपूर, अमृतसर, मग डलहौसी. वाटेत संस्कृत, इंग्रजी, रात्री तारे. आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरले आणि काशीला गेले. मी म्हणालो, सुरतेला उतरणारे पुष्कळ असतात, विनोबा होणारा एखादा. आणि रवींद्रनाथांच्या गोष्टीतला मला आवडलेला भाग निराळाच आहे. वडिलांनी त्या पोराकडे खर्चाचे पैसे सांभाळायला दिले आणि आपल्या सोन्याच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम सोपवलं. पोराने किल्ली इतक्या निष्ठेने दिली, की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावं लागलं. विश्वासाने दिलेलं काम आणि ते बिघडवण्याची मोकळीक, एवढ्या दोन गोष्टी कुठल्याही प्रवासात मिळाल्या तर पुरे. शिवाय शाळेला कंटाळलेल्या त्या मुलाने मोठेपणी, १९०१ साली, काय केलं? शांतिनिकेतनात शाळाच काढली.

परतताना कराडच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांमागे आमची गाडी बराच वेळ अडकली. कारखान्याजवळ उसतोडीच्या टोळ्यांचा तळ होता. पाचटाच्या कोप्या, चुली, चाकांना बांधलेले बैल. पाणी मागायला उतरलो. एका कोपीपुढे थोरलीच्याच वयाची एक मुलगी काखेत लहान भाऊ घेऊन भाकरी भाजत होती. बीडकडची. आईबाप पहाटेपासून फडात. थोरलीने तिला विचारलं, "तुम्हीपण वर्षभर फिरता?"

"सहा महिने. पट्टा पडेपर्यंत. तू शाळेत जात नाहीस?"

"सोडली."

"मास्तर मारतो का?"

"नाही."

"मग कशाला सोडली?"

थोरलीने आमच्याकडे पाहिलं. आम्ही चौघं शिक्षक गाडीकडे बघू लागलो.

दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबंच्या कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात येतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशेब. मुलं बरोबर. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तेव्हाही मुलं बरोबर. सहकुटुंब प्रवास, चार भिंतींबाहेरचं शिक्षण, निसर्गाचं सान्निध्य, आमच्या शाळेचं माहितीपत्रक निघालं असतं तर त्यात जे काही आलं असतं ते सगळं त्या मुलीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्याकडे नाही ती एवढीच, परत गेल्यावर तिचं बाकडं तिची वाट बघत असेल याची खात्री. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावात मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. काही चालली, काही कागदावर भरली. त्या रात्री कुठलाच तास झाला नाही, आणि कुणी मागितलाही नाही.

जूनमध्ये दोघं आपापल्या शाळेत परत गेली. अपूर्णांकांचा भागाकार थोरलीला येत नव्हता, तो दोन आठवड्यांत आला. धाकट्याचं इंग्रजी शुद्धलेखन आधीही वाईट होतं, ते तसंच परत आलं. काकू म्हणाल्या, वर्ष वाया गेलं नाही हे बरं झालं. मुलगा म्हणतो, प्रवासाने मुलं घडली. माझा निकाल दोघांपेक्षा वेगळा आहे. त्या वर्षात रजेवर शाळा नव्हती, आईबाप होते, आणि जे काही घडलं ते त्यामुळे. एरवी रात्री नऊला लॅपटॉप मिटवणारी दोन माणसं पोरांच्या प्रश्नांना दिवसाउजेडी हजर होती. नाणेघाट तिथे दोन हजार वर्षं आहे, त्याला घाई नाही. मातीत बेरीज मांडून बसलेल्या पोरीजवळ बसायला माणूस लागतो.

तेव्हा ज्यांना वर्ष काढणं परवडेल त्यांनी खुशाल काढावं; दाखल्यावर 'पालकांच्या विनंतीवरून' लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. ज्यांना परवडणार नाही त्यांनी दिवाळीची सुट्टी घ्यावी, खर्चाचे पैसे पोराच्या हाती द्यावेत, एसटीचं वेळापत्रक त्यालाच बघू द्यावं आणि चुकीच्या फाट्यावर उतरायची तयारी ठेवावी. आणि शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बांधवांना, भगिनींना एक विनंती. यंदाही दिवाळीनंतर तुमच्या गावाशेजारी कोप्या पडतील. वही घेऊन तिथवर जा. ती मुलगी सापडली तर दाखला नाही म्हणून तिला परत पाठवू नका; तिच्या वयाच्या वर्गात बसवा. कायद्याने ती जागा तिचीच आहे.